पाण्याच्या चालीने वाई

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं, की खंबाटकीचा घाट उतरल्यावर सुरूरच्या फाट्याला वाईचा रस्ता उजव्या हाताला फुटतो. या रस्त्याने जाणाऱ्या बहुतेक गाड्या वाईला जायला निघालेल्या नसतात. त्यांना पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठायची असते आणि तिथून पुढे महाबळेश्वर. वाईत थांबायचं ते ढोल्या गणपतीला हात जोडण्यापुरतं, घाटावर एखादा फोटो काढण्यापुरतं. अर्ध्या तासात गाव बघून होतं. नदीकाठी कसं राहावं, याचं उत्तर ज्या गावाने अडीचशे वर्षांपूर्वी दगडात बांधून ठेवलं आहे, त्याच्यासाठी अर्धा तास फार थोडा आहे.

वाईला सबंध दिवस द्यावा, आणि तो पाण्याच्या चालीने द्यावा. सकाळी आधी गाव ओलांडून वर धोमला जावं, तिथून नदीच्या सोबतीने खाली मेणवलीला यावं, दुपारी वाईच्या आळ्यांमध्ये शिरावं आणि ऊन कलताना घाटावर बसावं. वरून खाली आलं की या गावाची रचना उलगडत जाते. कुठला दगड कशासाठी बसवला, कुठली भिंत कुणाला तोंड द्यायला उभी आहे, देवळं पाण्याच्या इतकी जवळ का आहेत, हे सगळं नदी ज्या दिशेने येते त्याच दिशेने आल्यावर कळतं.

पाऊस वर, पूर खाली

कृष्णा जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरातून निघते, अशी श्रद्धा आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथे मानतात. अरबी समुद्र तिथून जेमतेम ६४ किलोमीटरवर आहे. पण कृष्णा सह्याद्रीकडे पाठ करून पूर्वेला वळते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र प्रदेश असा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. या लांबच्या वाटेवर तिला भेटणारं पहिलं मोठं गाव म्हणजे वाई.

वाईचा सगळा स्वभाव एका गोष्टीने घडवला आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर उतरून वाईत आलं, की तो कित्येक पटींनी कमी होतो. त्यामुळे वाईत ऊन पडलेलं असताना नदीला पूर येऊ शकतो. घाटावर उभ्या असलेल्या माणसाला न दिसणारा पाऊस त्याच्या पायाशी येऊन पोचतो. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि वाई तालुक्याच्या पश्चिम भागात दरडी कोसळल्या. डोंगरात काय चाललं आहे, हे खालच्या गावांना अशा वेळी फार कठोरपणे कळतं.

धोमचं धरण या वरच्या पाण्याला अडवतं. १९७० च्या दशकात बांधलेल्या या मातीच्या धरणाची साठवण क्षमता साडेतेरा टीएमसी आहे. पावसाळा सरताना भिंतीवरून पाहिलं, तर निळं-करडं पाणी डोंगरांच्या कुशीत लांबवर शिरलेलं दिसतं. एका अंगाला कमळगड, आणखी मागे महाबळेश्वरचा माथा. या पाण्यावर वाई, सातारा, कोरेगाव या भागातली शेती उभी राहिली. ऊस, हळद, भाजीपाला आला. त्यासाठी वरच्या खोऱ्यातल्या माणसांना पिकती जमीन आणि घरं सोडावी लागली. धरणाच्या काठी उभं राहिल्यावर दोन्ही गोष्टी मनात ठेवाव्यात. खालच्या हिरव्या शिवारात त्या उठलेल्या गावांचाही वाटा आहे.

धरणाने आणखी एक बदल केला. पूर्वी नदी चढायची ती पावसाच्या हिशेबाने. आता धरण भरत आलं, की पाणी सोडलं जातं आणि खालच्या घाटांवर चढतं. मेणवलीच्या घाटावर कपडे धुणाऱ्या एका मावशींना विचारलं, “मावशी, पाणी कुठवर येतं?” त्यांनी हाताने वरच्या पायऱ्या दाखवल्या आणि म्हणाल्या, “आता आभाळ बघून कळत नाही, धरणातनं सोडलं की येतं.” नदीच्या काठी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांचं आभाळाचं ज्ञान आता वेळापत्रकाशी जोडलं गेलं आहे.

कासवाच्या पाठीवरचा नंदी

धोम गावात, धरणाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी नृसिंह आणि महादेवाची देवळं आहेत. अठराव्या शतकात पुण्याच्या एका सावकाराने ती बांधली, असं सांगतात. गावाचं नाव धौम्य ऋषींशी जोडलेलं आहे. इथे येणाऱ्यांची गर्दी वाईच्या मानाने फार कमी असते, आणि ते देऊळ पाहणाऱ्याच्या पथ्यावर पडतं.

महादेवासमोरचा नंदी पाहण्यासाठी इथे जरूर यावं. देवळासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे. कुंडात पाकळ्यांच्या मधोमध दगडी कासव आहे आणि त्या कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप उभा आहे. कुंडात पाणी भरलं, की कमळ पाण्यात, कासव पाण्यात आणि नंदी पाण्यावर तरंगणारा, अशी ती रचना दिसते. नंदीच्या पायाशी कासव कोरणं नवीन नाही; आपल्याकडच्या कित्येक शिवमंदिरांत गाभाऱ्यासमोर जमिनीवर कासव असतं. धोमच्या कारागिराने त्याच्या भोवती पाणी खेळवलं आणि आपण रोज ओलांडून जातो त्या कासवाला त्याचं घर परत दिलं. कृष्णेच्या खोऱ्यातल्या त्या शतकाच्या बांधकामांत पाणी हे असं मुळापासूनच धरलेलं असतं. आधी वास्तू आणि मग पाण्याची सोय, असा क्रम इथे दिसत नाही.

मेणवली : नानांचा वाडा, वसईची घंटा

धोमकडून वाईला परतताना वाटेत मेणवली लागते. हे गाव १७६८ मध्ये नाना फडणविसांना इनाम मिळालं. नाना तेव्हा ऐन पंचविशीत होते. पानिपतातून जिवंत परतलेला हा तरुण पुढे बारभाईंच्या कारभारात मराठी राज्याचा सूत्रधार झाला. पुण्याच्या धकाधकीपासून दूर, कृष्णेच्या काठी त्यांनी आपला वाडा आणि घाट बांधवला.

वाडा सहा चौकांचा आहे. बाहेरून जाडजूड भिंती आणि आत एकामागून एक उघडत जाणारे चौक. सागवानी खांब, तुळया, माड्या, कडीपाटाची छतं, कोनाडे आणि काही भिंतींवर अजून टिकून असलेली पेशवेकालीन चित्रं. रंग फिके पडले आहेत, ठिकठिकाणी पोपडे निघाले आहेत, तरी चित्रातल्या आकृतींची रेघ ठाम आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना मेणवली माहीत असते ती आणखी एका कारणाने. नानांच्या संग्रहातले कागद, म्हणजे ‘मेणवली दप्तर’, उत्तर पेशवाईच्या अभ्यासाचं एक मोठं साधन ठरलं. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर वारसाचा गोंधळ माजला, तेव्हा १७९६ मध्ये नाना पुणं सोडून याच भागात आले आणि इथून घाट उतरून महाडकडे गेले. १८०० मध्ये नाना वारले. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी जिऊबाई यांचं पुढचं आयुष्य मोठ्या उलथापालथीनंतर मेणवलीतच गेलं. राज्यकारभाराच्या कथेत जिऊबाईंचं नाव क्वचित येतं. वाड्याच्या आतल्या चौकात उभं राहिलं, की ते आठवावं.

वाड्याच्या मागच्या अंगाने उतरलं की घाट. नदी इथे वळण घेते आणि घाटाच्या पायऱ्याही त्या वळणाबरोबर चंद्रकोरीसारख्या वळतात. काठावर मेणेश्वराचं देऊळ, शेजारी विष्णूचं देऊळ. वर झाडांची दाट सावली. पायऱ्या उतरून पाण्याजवळ बसलं, की लक्षात येतं, इथे पाण्यापर्यंत पोचायला कुठल्याच ऋतूत अडचण नाही. चैत्रात पाणी खाली गेलं तर खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. श्रावणात वर आलं तर वरच्या पायऱ्या कामाला येतात. नदीची पातळी बदलते, पायरी मात्र नेहमी पाण्याला लागून असते. शिवाय टप्प्याटप्प्याने उतरणारा हा दगडी उतार वळणावर जोराने आदळणाऱ्या पाण्यापासून काठाची माती राखतो. वळणाच्या बाहेरच्या काठाला नदी सर्वांत जास्त कापते, म्हणून तिथे दगड बसवला. हे गणित बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

घाटावरच्या एका छोट्या दगडी देवळीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. पंचधातूची, साडेसहाशे किलोच्या आसपास वजनाची. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. नाशिकच्या गोदाकाठची नारोशंकराची घंटा त्यांतलीच आणि मेणवलीची ही घंटाही त्यांतलीच. युद्धाची ही खूण आहे, यात शंका नाही. पण ज्यांनी ती आणली, त्यांनी मेरीची आकृती घासून काढली नाही. ती आजही घंटेच्या अंगावर स्पष्ट आहे, आणि खाली कृष्णेचं पाणी वाहतं आहे. एखाद्या गावाचा इतिहास सरळ एका ओळीत सांगता येत नाही, हे शिकवायला याहून चांगली जागा नाही. मुलांना इथे आणावं आणि घंटा वाजवायच्या आधी ती नीट बघायला लावावी.

सिनेमावाल्यांना हा घाट फार पूर्वी सापडला. आशुतोष गोवारीकरांच्या ‘स्वदेस’मधलं चरणपूर ते हेच. २००४ साली तो चित्रपट आला आणि मेणवली घराघरांत पोचली. पडद्यावर हे उत्तर भारतातलं गाव म्हणून दिसतं. विशाल भारद्वाज यांच्या ‘ओंकारा’चंही चित्रण वाई परिसरात झालं. आज येणारे कित्येक जण कुठला प्रसंग कुठल्या पायरीवर घडला, हेच विचारतात. चित्रपटामुळे गावाला रोजगार मिळाला, ही चांगली गोष्ट आहे. पण हा घाट कुणी, कशासाठी बांधला, हे गावातल्या माणसाला सांगायला मिळावं, इतका वेळ तरी पाहुण्याने काढावा.

सात आळ्या, सात घाट

वाई गावाची रचना नदीकडे तोंड करून आहे. आळ्या नदीकडे उतरतात आणि आळी संपते तिथे घाट सुरू होतो. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. प्रत्येक वस्तीला तिचा घाट. गावात शिरताना रस्त्याच्या बाजूने आलं तर वाई इतर कुठल्याही तालुक्याच्या गावासारखी वाटते : दुकानं, दुचाक्या, एसटी स्थानकाची वर्दळ. आळीत वळून पाण्याच्या दिशेने पाचेक मिनिटं चाललं, की आवाज मागे राहतो आणि काळ्या पाषाणाचं दुसरंच गाव समोर येतं.

हे दगडी गाव मुख्यतः रास्त्यांनी उभं केलं. मूळचे गोखले असलेल्या या सावकार-सरदार घराण्यातल्या भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिली होती. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव या तिघांची ती आई. पेशव्यांशी सोयरीक झाल्यावर रास्त्यांचं वैभव वाढलं आणि त्यातला मोठा भाग त्यांनी कृष्णेच्या काठी ओतला. आनंदराव भिकाजी रास्त्यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचं देऊळ बांधलं. त्यांचे बंधू गणपतराव यांनी १७६२ मध्ये महागणपतीचं देऊळ उभारलं. पुढच्या दोन दशकांत विष्णू, महालक्ष्मी आणि गंगापुरीतला गंगारामेश्वर अशी देवळं झाली. सालं पाहा. १७६१ मध्ये पानिपत झालं. गोपिकाबाईंचा थोरला मुलगा त्या रणांगणावर पडला आणि नवराही काही महिन्यांत गेला. मराठी मुलखात घरटी सुतक असताना, दुसऱ्याच वर्षी तिच्या माहेरच्या गावात महागणपतीचं शिखर उभं राहत होतं.

महागणपतीला सगळे ढोल्या गणपती म्हणतात. मूर्ती चांगली मोठी, एकाच पाषाणातली, भरदार बसलेली. दर्शन घेऊन लोक वळतात आणि निघतात. या देवळाची खरी करामत मात्र मागच्या बाजूला आहे. देऊळ थेट नदीच्या पात्राला लागून आहे. इतक्या जवळ बांधलं, की पुराचा लोट अंगावर येणार हे ठरलेलंच. म्हणून बांधणाऱ्यांनी गाभाऱ्याची मागची भिंत सपाट ठेवली नाही. ती माशाच्या आकाराची, पुढे निमुळती होत गेलेली बांधली. पुराचं पाणी त्या टोकावर येऊन दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. सपाट भिंतीला सगळा मार एका वेळी सोसावा लागला असता. मोठ्या पुरात देवळाला पाण्याचा वेढा पडतो, पाणी आतही शिरतं. पूर ओसरला, की गाळ काढतात, फरशी धुतात आणि पूजा सुरू होते. अडीचशेहून अधिक पावसाळे या भिंतीने असे काढले आहेत.

या भिंतीसमोर थोडा वेळ थांबावं. पूर येणारच नाही, असं गृहीत धरून आज आपण नदीपात्रात घरं बांधतो, भराव टाकतो, आणि पूर आला की निसर्गाला दोष देतो. रास्त्यांच्या गवंड्यांनी पूर येणार हे मान्य करूनच पहिला दगड बसवला. पाण्याला अडवायचं नाही, त्याला जायला वाट द्यायची. पाणी आत आलंच तर गेल्यावर धुता येईल असा दगड वापरायचा. या विचारात नदीची भीती आहे, आदर आहे आणि हिशेबही आहे.

जवळच काशीविश्वेश्वर. उंच तटाच्या आत प्रशस्त आवार, दोन दीपमाळा आणि समोरच्या मंडपात काळ्याभोर पाषाणाचा नंदी. त्याच्या गळ्यातल्या माळा, घुंगरं, पाठीवरची झूल इतकी नेटकी कोरलेली आणि अंग इतकं घोटलेलं, की दगडाला धातूची चकाकी आली आहे. दुपारच्या वेळी इथे फारसं कुणी नसतं. दगड थंड असतो, आणि चालून थकलेल्या पायांना तो बरा वाटतो.

घाट ज्याचा, उत्सव त्याचा

वाईचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य मात्र दगडात सापडत नाही. ते माघ महिन्यात दिसतं, कृष्णाबाईच्या उत्सवात.

हा उत्सव कुठल्या एका देवळाचा नाही, एका दिवसाचाही नाही. माघापासून पुढे काही आठवडे तो घाटाघाटाने चालतो. भीमकुंड आळीच्या घाटापासून सुरुवात होते आणि ठरलेल्या क्रमाने एकेका घाटाची पाळी येते. ज्या आळीची पाळी, ती आळी आपल्या घाटावर मांडव घालते, कृष्णाबाईची मूर्ती वाजतगाजत आणून बसवते, कीर्तन, प्रवचन, गाणं आणि महाप्रसाद करते. मूर्ती नदीची आहे. कृष्णा ही इथे बाई आहे, लेकुरवाळी, घरातली. तिची ओटी भरतात, तिला साडीचोळी करतात.

उत्सवाची सुरुवात शिवकाळाशी जोडतात. वाई परगणा आदिलशाहीत अफजलखानाकडे होता. १६५९ मध्ये तो शिवाजी महाराजांवर चालून आला, तेव्हा त्याचा तळ वाईतच पडला होता. स्वराज्यावरचं हे संकट टळावं म्हणून इथल्या शेंडे घराण्यातल्या शास्त्र्यांनी कृष्णामाईला नवस बोलला, १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान मारला गेला आणि नवस फेडायला उत्सव सुरू झाला, अशी आख्यायिका आहे. वाईने त्यानंतरही लढाया पाहिल्या. १६८७ मध्ये सरसेनापती हंबीरराव मोहिते वाईजवळच्याच लढाईत धारातीर्थी पडले. राज्यं आली आणि गेली, पेशवाई बुडाली, इंग्रज आले आणि गेले, उत्सवाचा क्रम चालू राहिला.

बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला, की कन्यागताचं पर्व येतं. त्या काळात गंगा कृष्णेला भेटायला येते, अशी श्रद्धा आहे. २०१६ मध्ये ते पर्व झालं, तेव्हा कृष्णाकाठची सगळीच तीर्थं गजबजली होती. पण पर्वाची गर्दी ओसरते. दर माघातल्या उत्सवाचं मोल वेगळं आहे. त्यात घाट कुणाचा, हे दर वर्षी नव्याने ठरतं. उत्सवाआधी आळीतली माणसं घाट झाडतात, धुतात, पायरी निखळली असेल तर बघतात, वर्गणी काढतात, पंगतीला वाढतात. लहानपणी ज्याने त्या पंगतीत पानं मांडली, तो मोठेपणी घाटावर कचरा टाकायला कचरतो. घाट टिकायला दगड चांगला लागतो, तशी त्याच्यावर हक्क सांगणारी आळीही लागते. वाईचे घाट आज उभे आहेत, त्यात या दुसऱ्या गोष्टीचा वाटा मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं.

काठावरची विद्या

दुपार उतरणीला लागली, की गंगापुरीकडे जावं. मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने हात जोडावेत अशा दोन संस्था वाईत आहेत.

पहिली प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी ती उभी केली. शास्त्रं शिकवायची ती आजच्या प्रश्नांना भिडण्यासाठी, ही तिथली दृष्टी होती. विनोबा भावे १९१७ मध्ये गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन इथे शिकायला आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी खानदेशातल्या पिंपळनेरहून लहान वयात आले आणि वाईचेच झाले. अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही, हे शास्त्राच्याच भाषेत मांडण्याचं काम या पाठशाळेतल्या पंडितांनी केलं. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना या प्रश्नावर त्यांनी लक्ष्मणशास्त्र्यांशी विचारविनिमय केला. १९३३ मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, तेव्हा पौरोहित्य लक्ष्मणशास्त्र्यांनी केलं. दक्षिण काशी म्हणवणाऱ्या, कर्मठपणाचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या गावातून ही माणसं निघाली.

दुसरी संस्था मराठी विश्वकोशाची. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झालं, लक्ष्मणशास्त्री त्याचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचं काम वाईत सुरू झालं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, विसावा २०१५ मध्ये. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांपासून दूर, या नदीकाठच्या गावात बसून संपादकांनी अणुविज्ञानापासून लोककलांपर्यंतच्या नोंदी तपासल्या, परिभाषा घडवली, मुद्रितं वाचली. लक्ष्मणशास्त्र्यांनंतर मे. पुं. रेगे आणि रा. ग. जाधव यांच्यासारख्यांनी ही धुरा वाहिली. महाराष्ट्रभरच्या लेखकांची हस्तलिखितं टपालाने वाईला यायची. ज्ञानाला राजधानीच लागते असं नाही, निष्ठेने बसणारी माणसं आणि शांत जागा लागते. वाईने दोन्ही दिलं. पर्यटनाच्या पत्रकांत देवळांबरोबर या इमारतींची नावंही ठळक छापली गेली पाहिजेत. शाळेच्या सहली इथे थांबल्या पाहिजेत.

आजचं पाणी

ऊन कलल्यावर गणपती घाटावर माणसं जमू लागतात. निवृत्त मंडळी पायऱ्यांवर बसतात, पोरं पाण्याच्या कडेने धावतात, कुणी दिवा सोडतं. हा घाट अजून वापरात आहे, याचा फार आनंद होतो. पण त्याच पायऱ्यांवरून खाली पाहिलं, की जिवाला लागतं. पावसाळ्यानंतर पाणी संथ झालं की त्याचा रंग बदलतो. वस्तीचं सांडपाणी नदीला मिळतं. निर्माल्य पिशव्यांसकट तरंगत असतं. उन्हाळ्याकडे पात्र उथळ झालं, की सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी फोफावते आणि ज्या पाण्यात देवळाची सावली पडायची ते पाणीच झाकून टाकते.

वरच्या धरणाने प्रवाह बांधला, खालची वस्ती वाढली, आणि मधल्या नदीकडे स्वतःला धुऊन काढण्याइतकं वाहतं पाणी उरलं नाही. रास्त्यांच्या काळात पूर हीच मोठी चिंता होती. आजची चिंता पुरापेक्षा पुरानंतरच्या आठ-नऊ महिन्यांची आहे. म्हणून घाटांना नवे दिवे लावणं, फरश्या बसवणं, कमानी उभारणं यांना मी नदीकाठाचा विकास म्हणणार नाही. गावाचं सगळं सांडपाणी नदीच्या बाहेर अडवून, शुद्ध करूनच सोडणं. धरणातून वर्षभर थोडा तरी प्रवाह राखणं. निर्माल्य आणि मूर्तींसाठी काठावरच वेगळी सोय करणं. आणि पात्रात एकही नवं बांधकाम न होऊ देणं. हे झालं तर दगडी घाट आपले आपण शोभतील. त्यांना दुसरा दागिना लागत नाही.

हे अशक्य नाही. नदीशी शहाणपणाने वागण्याची रीत या गावाला ठाऊक आहे. मत्स्याकार भिंत त्याची साक्ष आहे आणि कृष्णाबाईचा उत्सवही. भिंतीने तंत्र सांभाळलं, उत्सवाने माणसं. उत्सवासाठी एकत्र येणारी आळी आपल्या घाटावर उतरणारं गटार कुठून येतं, हे विचारू शकते, मोजू शकते, त्यासाठी भांडू शकते. श्रमदानाने जलपर्णी काढणारी माणसं कृष्णाकाठी आहेत. त्यांच्या जोडीला प्रशासनाचा पैसा आणि सातत्य आलं पाहिजे, आणि पाहुण्यांची शिस्तही.

म्हणून वाईला जा, पण वेळ काढून जा. धोमचा नंदी बघा, मेणवलीच्या घंटेवरची आकृती बघा, ढोल्या गणपतीच्या पाठीमागे वळसा घाला. जमलं तर माघात जा आणि कुठल्या तरी आळीच्या घाटावर कृष्णाबाईच्या पंगतीत बसा. आणि आपल्या गावातून नदी जात असेल, मग ती मुळा-मुठा असो, पंचगंगा असो, गोदावरी असो की नावही विसरलं गेलेला ओढा असो, परतल्यावर एक चौकशी करा : आपल्या काठाची जबाबदारी कुठल्या आळीकडे आहे? कुणालाच सांगता आलं नाही, तर ती आळी आपलीच आहे असं समजून कामाला लागा.